मोठ्यांच्या रंगवह्या : कागद, पेन्सिली आणि मार्कर कसे निवडावेत?

हिशेबनीस (धागाकर्ता) | शनिवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. प्रश्न काहीसा पोरकट वाटेल, तरीही विचारतो. माझे वय ५३ आहे, नोकरी हिशेबाची आहे आणि रोजचा प्रवास दहिसर ते चर्चगेट असा आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर तास-दीड तास मोबाईल चाळत बसण्याची सवय मोडावी, म्हणून मुलीने वाढदिवसाला मोठ्यांसाठी असलेली एक रंगवही भेट दिली. तीत पाने, फुले आणि पक्षी यांची अतिशय बारीक नक्षी आहे; आपण फक्त रंग भरायचे.

पहिल्याच रविवारी घरात पडून असलेल्या स्केचपेनांनी मी एक मोर रंगवायला घेतला. अर्ध्या तासात कागदाला लव सुटली, जिथे पेन दोनदा फिरवले तिथे कागद विरला, आणि पान उलटून पाहतो तर मागच्या बाजूच्या घुबडाच्या तोंडावर मोराचा निळा रंग उतरलेला. पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रे छापलेली आहेत, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्यानंतर स्टेशनरीच्या एका दुकानात रंगीत पेन्सिली घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने "मुलगा कितवीत आहे?" असे विचारले. मी "सातवीत" असे सांगून मोकळा झालो. मला मुलगा नाही.

आता नीट विचारपूर्वक खरेदी करावी असे वाटते. पुढचे पुस्तक घेताना कागद चांगला आहे हे कसे ओळखावे? पेन्सिली, जेल पेन आणि मार्कर यांपैकी नवख्याने काय घ्यावे, आणि संच १२ रंगांचा घ्यावा, २४ चा की थेट १२० चा? पुस्तक आणि रंग मिळून दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

पार्लेकरीण | शनिवार, रात्री ११.०५

"सातवीत" हे उत्तर फार आवडले. आमच्या घरी "भाचीसाठी हवे आहे" असे सांगण्याची प्रथा आहे आणि ती भाची गेली सहा वर्षे चौथीतच आहे.

निळी शाई | रविवार, सकाळी ८.२०

धागाकर्त्यांनी प्रश्न योग्य क्रमाने विचारला आहे. बहुतेक जण आधी रंगांचा मोठा संच घेतात आणि मग तो कोणत्या कागदावर चालेल हे शोधत बसतात. वास्तविक सगळे कागदापासून सुरू होते.

झेरॉक्सच्या दुकानातील नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन तितके ग्रॅम भरते. स्वस्त रंगवह्या याच जातीच्या कागदावर छापलेल्या असतात. कोरड्या रंगीत पेन्सिलींना तो कसाबसा चालतो, पण दोन-तीन थरांनंतर रंग घेणे थांबवतो. १०० ते १२० जीएसएमच्या कागदावर पेन्सिलीचे काम निवांत होते. जलरंग वापरायचे असतील, तर मात्र रंगवहीचा विचार सोडून द्यावा, कारण त्यासाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद लागतो आणि तसा कागद असलेली पुस्तके थोडी असतात.

वजनाइतकाच पृष्ठभाग महत्त्वाचा आहे. दुकानात पुस्तक उघडून पानावरून बोटाचे पेर हळू फिरवावे. किंचित खरखर जाणवली, तर पेन्सिलीचा रंग त्या खाचांत अडकून बसेल. कागद आयव्हरी कार्डासारखा गुळगुळीत असेल, तर पेन्सिल त्यावरून घसरते, पण मार्कर सुरेख चालतो. नंतर पान उजेडासमोर धरावे. मागचे चित्र स्पष्ट दिसत असेल, तर ते पुस्तक शाईच्या कोणत्याही साधनासाठी घेऊ नये.

एका बाजूलाच छपाई असणे ही माझी पहिली अट असते. दुसरी अट बांधणीची. पुस्तक टेबलावर सपाट उघडले पाहिजे, नाहीतर मधल्या घडीतील फुले रंगवताना मनगट वाकडे होते आणि पुस्तकाचा कणाही मोडतो. सर्पिल तारेची बांधणी किंवा फाडून वेगळी करता येतील अशी पाने असतील, तर उत्तम. पान वेगळे करता येत नसेल, तर त्याच्याखाली जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा सरकवावा. त्यामुळे शाई खालच्या पानावर उतरत नाही आणि पेन्सिलीच्या दाबाचे वळही उमटत नाहीत. घुबडाला मात्र त्याचा उपयोग झाला नसता, कारण ते त्याच पानाच्या पाठीवर होते.

जुना कलाशिक्षक | रविवार, सकाळी ९.१०

मी ३१ वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे माझे मत कडवट वाटल्यास क्षमस्व. दुसऱ्याने आखलेल्या रेषांत रंग भरणे हे बालवाडीचे काम आहे, कारण तिथे बोटांना वळण लावायचे असते. आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. त्यांत वस्तुचित्र होते, स्मरणचित्र होते, संकल्पचित्र होते आणि प्रत्येक रेषा विद्यार्थ्याला स्वतः काढावी लागे. ५३ व्या वर्षी दीड हजार रुपये खर्च करायचेच असतील, तर एक स्केचबुक आणि टूबी पेन्सिल घ्यावी आणि दहिसरच्या फलाटावरची माणसे काढावीत. उरलेल्या पैशांत वर्षभराचे कागद येतील.

लालबागची चिमणी | रविवार, सकाळी ९.४०

सर, सकाळी ८ च्या चर्चगेट लोकलसाठी उभी असलेली माणसे स्मरणचित्रातच काढावी लागतील, कारण वस्तुचित्रासाठी ती स्थिर उभी राहणार नाहीत.

मीनल_द | रविवार, दुपारी १२.३०

कलाशिक्षक सरांच्या मताचा आदर राखून असहमती नोंदवते. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. २००५ साली अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. विद्यार्थ्यांना आधी थोडी चिंता वाटेल असे एक काम दिले आणि मग त्यांचे तीन गट केले. एका गटाने मंडलाकृती रंगवली, दुसऱ्याने चौकटींची नक्षी रंगवली आणि तिसऱ्याला कोरा कागद देऊन मनाला येईल ते रंगवायला सांगितले. पहिल्या दोन गटांची चिंता कोऱ्या कागदाच्या गटापेक्षा अधिक उतरली.

याचा अर्थ रंगवही हे औषध आहे असा नाही. कलोपचार ही प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली चालणारी वेगळी गोष्ट आहे आणि मुखपृष्ठावर छापलेल्या "तणावमुक्ती" या शब्दाला पुस्तक निवडताना काहीही महत्त्व देऊ नये. परंतु दिवसभर आकड्यांचे निर्णय घेऊन आलेल्या माणसाला रात्री कोरा कागद दिला, तर त्याच्यापुढे आणखी निर्णयच वाढून ठेवले जातात: काय काढावे, कुठून सुरुवात करावी, जमेल की नाही. रंगवहीत निर्णय छोटे असतात. हे पान हिरवे की पोपटी, एवढाच प्रश्न उरतो. धागाकर्त्यांना मोबाईल दूर ठेवायचा आहे. चित्रकार व्हायचे आहे असे त्यांनी कुठेही लिहिलेले नाही.

जुना कलाशिक्षक | रविवार, दुपारी १.१५

मुद्दा मान्य. मी प्रश्न न वाचता उत्तर दिले, ज्यासाठी मी विद्यार्थ्यांचे गुण कापत असे.

तासलेली पेन्सिल | रविवार, दुपारी ३.००

आता पेन्सिलींविषयी सविस्तर लिहितो, कारण नवख्या माणसासाठी माझ्या मते दुसरा पर्याय नाही. शाई एकदा पडली की परत घेता येत नाही. पेन्सिलीचा दाब मात्र आपल्या हातात असतो आणि फिकट रंग गडद करत नेता येतो.

रंगीत पेन्सिलीच्या शिशात रंगद्रव्य असते आणि ते बांधून ठेवणारा पदार्थ असतो. तो मुख्यतः मेण असेल, तर पेन्सिल मऊ असते, रंग भराभर आणि दाट बसतो, पण टोक लवकर बोथट होते. शिवाय दाबून रंगवलेल्या भागावर काही दिवसांनी मेण वर येऊन पांढुरका थर दिसू लागतो, जो मऊ कापडाने हलकेच पुसता येतो. प्रिझ्मकलर प्रीमियर ही मेणाच्या जातीतील प्रसिद्ध पेन्सिल आहे. बांधणी तेलाची असेल, तर शिसे थोडे कठीण असते, टोक टिकते, पांढुरका थर येत नाही आणि बारीक नक्षीचे काम नेटके होते. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमॉस या जातीच्या असून त्यांत १२० छटा आहेत. मोराच्या पिसाऱ्यासारखे काम असेल, तर मी दुसरी जात निवडीन.

मात्र दीड हजारांच्या मर्यादेत या दोन्हींचा मोठा संच बसणार नाही आणि बसवण्याची गरजही नाही. शाळकरी संचांत रंगद्रव्य कमी आणि भरताड अधिक असते, म्हणून ते फिके वाटतात, हे खरे आहे. पण त्या आणि परदेशी पेन्सिली यांच्या मधली एक पायरी आता आपल्याकडे सहज मिळते. भारतीय नाममुद्रांनी "आर्टिस्ट" दर्जाचे २४ आणि ३६ रंगांचे संच काढले आहेत. त्यांपैकी २४ चा संच घ्यावा आणि वर्षभर तोच वापरावा. कलासाहित्याच्या मोठ्या दुकानांत भारी पेन्सिली सुट्याही मिळतात. जो रंग सतत संपतो, तेवढाच नंतर भारीचा घ्यावा. माझ्याकडे चार महागड्या पेन्सिली आहेत आणि त्यांतल्या दोन हिरव्याच आहेत.

वापराविषयी दोनच सूचना. टोक अणकुचीदार ठेवावे आणि हात इतका हलका ठेवावा की पहिल्या थरात कागद पांढरा दिसत राहील. चार-पाच थर चढल्यावर मिळणारी झळाळी एकदा जोर लावून मिळत नाही. दुसरे म्हणजे, चांगला शार्पनर. टोक काढताना शिसे पुन्हापुन्हा तुटत असेल, तर पेन्सिलीला दोष देण्याआधी पाते बदलून पाहावे. पेन्सिल जमिनीवर पडली असेल, तर शिसे आतल्या आत तुटलेले असते आणि मग कोणतेही पाते उपयोगी पडत नाही.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९.३०

सर्वांचे आभार. सवयीप्रमाणे आकडेमोड केली. दोन पेन्सिली एकमेकींवर चढवायच्या असतील, तर १२ च्या संचातून ६६ जोड्या होतात आणि २४ च्या संचातून २७६ होतात. मग १२० रंगांचा संच लोक घेतात तरी कशाला?

जुना कलाशिक्षक | रविवार, रात्री ९.५०

हिशेब अचूक आहे, परंतु त्या २७६ जोड्यांपैकी बऱ्याच जोड्यांचा चिखल होतो. समोरासमोरचे रंग, म्हणजे लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा, एकमेकांवर चढवले की राखाडी-तपकिरी छटा मिळते. ती झाडाच्या खोडाला किंवा सावलीला उत्तम, पण फुलाला नको. नवीन संच आणल्यावर आधी एका कागदावर चौकटी आखून प्रत्येक रंगाचा हलका आणि दाट नमुना काढून ठेवावा, कारण पेन्सिलीच्या लाकडावरचा रंग आणि कागदावर उतरणारा रंग यांत बरेच अंतर असते. हा तक्ता त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर केल्यास अधिक चांगले.

आणि जाता जाता, रंगसाहित्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: आपल्यापैकी बहुतेकांच्या कंपासपेटीत असलेल्या कॅम्लिनची सुरुवात याच मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाई करून केली होती. रंग नंतर आले.

कॉपी करणारा | सोमवार, सकाळी ७.४५ (लोकलमधून)

मार्करविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. धागाकर्त्यांनी वापरले ते स्केचपेन पाण्याच्या शाईचे होते. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, त्यामुळे दुसऱ्यांदा पेन फिरवले की लव सुटते. अल्कोहोलच्या शाईच्या मार्करने लव सुटत नाही, रंग एकमेकांत विरघळतात आणि रेघोट्या दिसत नाहीत. पण ते जवळजवळ प्रत्येक कागदातून आरपार जातात. त्यामुळे एका बाजूला छापलेले पुस्तक आणि खाली पुठ्ठा, या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजाव्यात. त्यांचा वासही बंद खोलीत त्रासदायक होतो. रात्री पंखा चालू आणि खिडकी बंद, अशा खोलीत झोपण्यापूर्वी वापरण्याची ही वस्तू नव्हे.

घरी चित्र छापून घेणार असाल, तर आणखी एक अडचण आहे. लेझर छपाई किंवा झेरॉक्स यांची काळी रेघ अल्कोहोलने विरघळते आणि फिकट रंगात काळपट ओघळ येतो.

निळी शाई | सोमवार, सकाळी ९.३०

वरील शेवटच्या मुद्द्यात थोडी भर. सर्वच अल्कोहोल मार्कर झेरॉक्सची रेघ विरघळवत नाहीत. जपानी कॉपिक मार्कर १९८७ साली बाजारात आले, तेच मुळी झेरॉक्सच्या प्रतीवर रंगवता यावे या हेतूने, आणि त्यांचे नावही "कॉपी"वरून पडले आहे. स्वस्त मार्करांबाबत मात्र तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणून कोपऱ्यात एक ठिपका देऊन पाहावे. इंकजेट छपाईचे बहुधा उलटे असते: ती अल्कोहोलला दाद देत नाही, पण पाण्याने पसरते.

गिरगावकर | सोमवार, दुपारी २.१०

आमच्या आईसाठी (वय ७८) मी गेल्या वर्षी हेच सगळे शोधले, त्यातून आलेला अनुभव सांगतो. पहिले पुस्तक मी जगभर खपलेल्या पुस्तकांच्या धर्तीवरचे, अतिशय बारीक नक्षीचे आणले. तिने दोन दिवस भिंग लावून प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक भाजी निवडताना खाली घ्यायला वापरले. चूक माझी होती. तिच्या डोळ्यांना आणि बोटांना न पेलणारे चित्र मी निवडले होते. तांदळाच्या दाण्याएवढी घरे रंगवायची, तर धारदार टोक, स्थिर हात आणि भरपूर उजेड लागतो. या तिन्ही गोष्टी आमच्या चाळीतल्या खोलीत सकाळी दहा ते बारा एवढ्याच वेळात एकत्र सापडतात.

दुसऱ्या वेळी निदान वाटाण्याएवढी घरे असलेले, ठळक रेषांचे पुस्तक घेतले आणि जाड, तिकोनी लाकडाच्या पेन्सिली घेतल्या. त्या मुलांसाठी म्हणून विकल्या जातात, पण सांधे दुखणाऱ्या बोटांना त्या धरायला सोप्या जातात. आता ती रोज दुपारी एक पान रंगवते, आणि कोणत्या फुलाला कोणता रंग "शोभत नाही" याविषयी शेजारणीशी वाद घालते. धागाकर्त्यांचे वय ५३ आहे, म्हणजे वाचनाचा चष्मा लागला असणार. पुस्तक निवडताना तो चष्मा लावून, पण दुकानाच्या झगझगीत दिव्यांचा भरवसा न धरता, घरातल्या उजेडाचा अंदाज घेऊन निवडावे.

पार्लेकरीण | सोमवार, दुपारी ४.००

गिरगावकरांच्या आईंना माझा नमस्कार सांगावा. जांभळा झेंडू मलाही शोभत नाही.

देशी नक्षीची पुस्तके कोणी वापरली आहेत का? माझ्याकडे वारली चित्रांची एक रंगवही आहे, ती रंगवायला मजा येते.

लालबागची चिमणी | सोमवार, सायंकाळी ७.३०

वारलीची रंगवही ही कल्पना मला पटत नाही. पालघर-डहाणूकडच्या घरांत ही चित्रे गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. तिची सगळी गंमत एका पांढऱ्या रेषेत आहे. पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे पाहिली, तर रंगांची उणीव कुठे जाणवत नाही. त्या त्रिकोणी माणसांना गुलाबी आणि पोपटी कपडे घातले की वारली शिल्लक राहत नाही. त्यापेक्षा मधुबनी रंगभरणाला अधिक जवळची आहे, कारण तिच्या भरनी शैलीत काळ्या बाह्यरेषेच्या आत सपाट, भडक रंग भरण्याचीच परंपरा आहे.

पार्लेकरीण | सोमवार, रात्री ८.१५

मग मी वारलीच्या पानावर उलटे करून पाहते: पार्श्वभूमी गेरूच्या रंगाने भरते आणि माणसे पांढरी ठेवते. रंगवहीचा शिरस्ता मोडेल, पण एक तपकिरी पेन्सिल मात्र पुरी संपेल.

जुना कलाशिक्षक | सोमवार, रात्री ९.००

याच संदर्भात एक मधला मार्ग सुचवतो. आपल्याकडे शेकडो वर्षे चालत आलेली रंगवही म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. शाळेत वापरतात त्या कार्ट्रिज कागदावर पंधरा ते आठ ठिपके मोजून घालावेत, ते जोडावेत आणि तयार झालेल्या घरांत रंग भरावेत. रेषा स्वतःच्या हातची होते, तरी कोऱ्या कागदाची धास्ती नसते, कारण ठिपके वाट दाखवतात. मीनलताईंच्या प्रयोगाला आणि माझ्या हट्टाला, दोहोंना यात जागा आहे. चैत्रांगण येत असेल, तर आणखी चांगले. शंख, चक्र, गोपद्म, तुळस अशा सुट्या आकृत्या असल्याने रोज एक रंगवता येते. कार्ट्रिज कागदाची खरखर पेन्सिलीला मानवते आणि खर्चही रंगवहीच्या मानाने किरकोळ आहे.

मीनल_द | सोमवार, रात्री ९.२०

जागा आनंदाने दिली, सर.

तासलेली पेन्सिल | मंगळवार, सकाळी ८.००

ऑनलाइन पुस्तक घेणाऱ्यांसाठी एक इशारा. अलीकडे संगणकाने आपोआप तयार केलेल्या चित्रांची पुस्तके मोठ्या संख्येने विकली जात आहेत. मुखपृष्ठ देखणे असते आणि आत फुलपाखराचा पंख फांदीतच विरून जातो, पोपटाला तीन पाय असतात, किंवा रेषा मध्येच तुटलेल्या असतात. रंगवायला बसल्यावर घर कुठे संपते तेच कळत नाही. आतील पानांची छायाचित्रे दिली नसतील, तर पुस्तक घेऊ नये. दिली असतील, तर ती मोठी करून पाहावीत. गाजलेल्या पुस्तकांच्या झेरॉक्स केलेल्या चोरट्या प्रतीही पदपथावर मिळतात. त्यांच्या रेषा जाड आणि फुटलेल्या असतात, कागद पातळ असतो, आणि चित्रकाराला एक पैसा मिळत नाही.

कॉपी करणारा | मंगळवार, सकाळी ८.१० (पुन्हा लोकलमधून)

जेल पेनांविषयी: संपूर्ण चित्र जेल पेनाने रंगवू नये, पण एक पांढरे जेल पेन जरूर घ्यावे. पेन्सिलीचे काम पूर्ण झाल्यावर डोळ्यातील चमक, दवाचे थेंब, पिसांच्या कडा यांसाठी त्याला पर्याय नाही.

सासूबाईंची सून | मंगळवार, दुपारी ११.४५

मुंबईत पावसाळ्यात ही हौस करणाऱ्यांनी कागदाची काळजी घ्यावी. गेल्या जुलैत माझी वही खिडकीजवळच्या कपाटात होती. पाने लाटांसारखी झाली, दमट कागदावर पेन्सिल चिकटून ओढली जाऊ लागली आणि दाब दिला तिथे पृष्ठभाग सोलवटला. शेवटच्या काही पानांवर बुरशीचे पिवळट ठिपके आले. आता मी वही घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवते आणि सोबत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. रंगवताना तळहाताखाली एक कोरा कागद ठेवते, कारण घामाचा हात कागदावर टेकला की तिथे रंग नीट बसत नाही.

बेबी ऑइलची युक्ती अनेक चित्रफितींत दाखवतात, ती मीही करून पाहिली. कापसाच्या काडीने किंचित तेल फिरवले की पेन्सिलीच्या रेघोट्या विरघळून रंग सलग दिसतो, हे खरे आहे. परंतु काडी टिपकागदावर दाबून जवळजवळ कोरडी करावी लागते. मी तेवढा धीर धरला नाही आणि कमळाच्या मागच्या पानावर भज्यांच्या कागदासारखा डाग उमटला.

निळी शाई | मंगळवार, दुपारी १.००

चित्र चौकटीत लावायचे असेल, तर रंगांच्या टिकाऊपणाकडेही पाहावे. मार्करच्या शाया बहुतेक विद्राव्य रंगांच्या असल्याने उन्हात उडतात. पेन्सिलींतही गुलाबी आणि जांभळ्या छटा सर्वांत आधी फिक्या पडतात. दर्जेदार पेन्सिलींवर टिकाऊपणाच्या खुणा छापलेल्या असतात; पॉलिक्रोमॉसवर त्या ताऱ्यांच्या रूपात आहेत. वही मिटून ठेवायची असेल, तर याची चिंता करण्याचे कारण नाही.

हिशेबनीस | शनिवार, रात्री ९.१५

आठवडाभर कामात होतो, आज खरेदी करून आलो. मुलीला सोबत घेऊन क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर गेलो, कारण तिथे निम्मी गल्ली स्टेशनरीचीच आहे आणि वस्तू हाताळून पाहता येतात. पुस्तक एका बाजूला छापलेले, तारेच्या बांधणीचे आणि वाटाण्याएवढ्या घरांचे घेतले. पानावर बोट फिरवून पाहत होतो, तेव्हा दुकानदाराने कापड दुकानात असल्यासारखे "खाली बसून बघा" असे म्हटले. भारतीय बनावटीच्या २४ आर्टिस्ट पेन्सिली, धातूचा शार्पनर, एक पांढरे जेल पेन आणि चार कार्ट्रिज कागद घेतले. सगळे मिळून अकराशे चाळीस रुपये झाले. "मुलगा कितवीत आहे?" असे या वेळी कोणी विचारले नाही, मुलीला मात्र "मॅडम, क्लाससाठी का?" असे विचारले आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

रंगांचा तक्ता केला आहे. कलाशिक्षक सरांनी सांगितलेला चिखलही पाहिला. तो खरोखर खोडासारखाच दिसतो.

आता मूळ वहीतल्या त्या घुबडाचे काय करावे, एवढे कृपया सांगावे. मुलीने दिलेले पहिले पुस्तक आहे, त्यामुळे ते पान फाडावेसे वाटत नाही. घुबडाच्या चेहऱ्यावर आणि एका डोळ्यावर निळा डाग आहे. पिवळी पेन्सिल फिरवली, तर डोळा हिरवा झाला.

जुना कलाशिक्षक | शनिवार, रात्री ९.४०

पेन्सिलीचा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे खालचा निळा तो झाकणार नाही. डाग लपवण्याऐवजी त्याला सोबत द्यावी. संपूर्ण पानावर गडद निळ्या आणि जांभळ्या पेन्सिलीचे हलके थर चढवावेत आणि रात्र करावी. घुबड रात्रीच शोभते. डोळ्यापुरता मात्र पांढरा पोस्टर कलर बारीक ब्रशने लावावा. तो घट्ट असावा आणि ब्रश एकदाच टेकवावा, कारण स्केचपेनाची शाई पाण्यात सुटते आणि पांढऱ्यात मिसळते. पहिला थर निळसर झालाच, तर तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दुसरा द्यावा. त्यावर पिवळी पेन्सिल चढेल.

लालबागची चिमणी | शनिवार, रात्री ९.५५

सर, बालवाडीचे काम अगदी बारकाईने शिकवत आहात.

हिशेबनीस | रविवार, दुपारी ४.३०

रात्र झाली आहे. डोळ्याचा पहिला थर निळसर झाला, म्हणून दुसरा दिला आहे. सकाळपासून पाऊस असल्याने तो अद्याप वाळलेला नाही.